मॉडेल टी स्पीडस्टर

मॉडेल टी स्पीडस्टर : फोर्ड कंपनीच्या मॉडेल टी गाडीची मूळ बॉडी उतरवून, चासी जमिनीजवळ आणून आणि इंजिनात फेरफार करून तयार केलेली हलकी, दोन माणसांची वेगवान गाडी. 1910 नंतरच्या दोन दशकांत अमेरिकेच्या लहान-मोठ्या गावांत अशा गाड्या घरोघरीच्या गोठ्यांत आणि दुरुस्तीच्या दुकानांत तयार झाल्या. पुढे हॉट रॉड, म्हणजे वेगासाठी फेरफार केलेली जुनी गाडी, म्हणून जी परंपरा जगभर ओळखली गेली, तिची ही पहिली पिढी. या गाड्यांची छायाचित्रे विपुल आहेत, पण त्यांच्यात बसलेल्या माणसांची नावे फारच थोडी उरली आहेत. एखादी जुनी स्पीडस्टर सापडते तेव्हा ती कशी घडवली हे जाणकार तासाभरात सांगतात. ती कोणाची होती हा प्रश्न मात्र वर्षानुवर्षे तसाच राहतो. याचा दोष केवळ काळाला देऊन चालणार नाही. गाडी पळवण्यासाठी जे जे केले जाई, त्यानेच तिची ओळख पुसली जात होती.

वेगवान उघड्या गाडीची हौस आधी श्रीमंतांची होती. न्यू जर्सीतील ट्रेंटनच्या मर्सर कंपनीने 1911 च्या सुमारास रेसअबाउट बाजारात आणली. फिनली रॉबर्टसन पोर्टर या अभियंत्याची ही रचना. दारे नाहीत, टप नाही, समोर रुंद काचेऐवजी स्टिअरिंगच्या दांड्यावर बसवलेली काचेची एक गोल चकती, आणि सुमारे 4.9 लिटरचे इंजिन. ताशी 70 मैल, म्हणजे 110 किलोमीटरच्या आसपास ती सहज जाई. कंपनीच्या पाठीशी ब्रुकलिन पूल उभारणाऱ्या रोबलिंग घराण्याचे पाठबळ होते. इंडियानापोलिसच्या स्टट्झ कंपनीची बेअरकॅट 1912 मध्ये आली. दोन्ही गाड्यांची किंमत दोन हजार डॉलर किंवा त्याहून जास्त होती. शेतमजुराने किंवा गॅरेजमधल्या पोराने त्यांच्याकडे फक्त पाहायचे.

मॉडेल टी ऑक्टोबर 1908 मध्ये आली तेव्हा तिची किंमत 850 डॉलरच्या घरात होती. 1913 मध्ये हायलंड पार्कच्या कारखान्यात सरकत्या पट्ट्यावर जुळणी सुरू झाली आणि किंमत उतरत गेली. 1925 मध्ये दोन आसनी टी 260 डॉलरला मिळत होती. 1927 मध्ये उत्पादन थांबेपर्यंत दीड कोटी गाड्या बाहेर पडल्या होत्या. त्यामुळे जुन्या टी जागोजागी पडून असत आणि त्यांचे सुटे भाग कोणत्याही गावात मिळत. खुद्द फोर्डनेही 1911 मध्ये टॉर्पिडो नावाची खाली बसवलेली, लांब बॉनेटची टी काढून पाहिली होती, पण ती फार दिवस चालवली नाही. कंपनीला सगळ्यांसाठी एकच गाडी हवी होती. वेगवान टी घडवण्याचे काम मग लोकांनी आपल्या हातात घेतले.

मूळ टी तशी सोशिक, पण संथ गाडी. 2.9 लिटरचे चार सिलिंडरचे इंजिन, 20 अश्वशक्ती, वेग ताशी 65 ते 70 किलोमीटर. चालवण्याची रीतही आजच्या चालकाला चक्रावून टाकणारी. पायाखाली तीन पेडल : डावे पूर्ण दाबले की हलका गिअर, सोडले की वरचा, मधले रिव्हर्सचे, उजवे ब्रेकचे. पायाला अॅक्सिलरेटर नाहीच. स्टिअरिंगच्या चाकाखाली उजवीकडच्या छोट्या दांडीने पेट्रोल वाढवायचे आणि डावीकडच्या दांडीने ठिणगीची वेळ मागेपुढे करायची. वेग वाढला की ठिणगी लवकर पडायला हवी, म्हणून चालकाची बोटे सतत त्या दांडीवर. इंजिनाचा आवाज ऐकून ती किती सरकवायची हे ज्याला कळे, तोच टी खऱ्या अर्थाने पळवू शके.

स्पीडस्टर करताना पहिले काम वजन उतरवण्याचे. बॉडी, मडगार्ड, टप, पायफळ्या सगळे निघे. टीला पुढे एक आणि मागे एक असे आडवे पाटे असतात. ॲक्सल आणि पाटे यांच्यामध्ये लोखंडी ब्रॅकेट घालून चासी काही इंच खाली घेत. आसने थेट चासीवर आली की स्टिअरिंगचा दांडा फार उभा वाटे, म्हणून त्याच्या बैठकीखाली पाचर ठोकून तो तिरपा करत. मूळ पेट्रोलची टाकी आसनाखाली असे. ती गेली की आसनांच्या पाठीमागे गोल किंवा लंबगोल टाकी चामड्याच्या पट्ट्यांनी आवळून बसवत. टीमध्ये पेट्रोल पंपाने येत नाही, उतारानेच कार्ब्युरेटरपर्यंत पोचते, त्यामुळे टाकी किती उंचीवर ठेवायची याला महत्त्व होते. काही जण हातपंपाने टाकीत हवा भरून दाब धरत.

ज्यांना पत्र्याचे काम जमत नसे त्यांच्यासाठी तयार बॉड्या होत्या. केंटकीतील लुइव्हिलची मर्क्युरी, ओवेन्सबरोची एम्स, इलिनॉयमधील पिओरियाची पाको, अशा कंपन्यांचे कॅटलॉग पाहून मागवायची आणि चासीवर चढवायची. त्यामुळे हजारो मैल दूर असलेल्या दोन अनोळखी मुलांच्या गाड्या हुबेहूब सारख्या दिसत. मालकाचा माग काढणाऱ्याला हा पहिला अडथळा.

खरी कमाल इंजिनात होती. टीचे व्हॉल्व्ह सिलिंडरच्या बाजूला असतात, त्यामुळे हवा आत-बाहेर जायची वाट वळणाची आणि दाब कमी. पण हेन्री फोर्डने हेड, म्हणजे सिलिंडरवरचे झाकण, सुटे ठेवले होते. पंधरा बोल्ट सोडले की हेड उचलून बाजूला ठेवता येते आणि त्याच पंधरा भोकांवर दुसरे बसवता येते. एका दुपारचे काम. या एका सोयीतून अमेरिकेत एक आख्खा धंदा उभा राहिला. व्हॉल्व्ह वर आणणारी नवी हेड, जड ओतीव लोखंडी पिस्टनऐवजी ॲल्युमिनियमचे पिस्टन, व्हॉल्व्ह उघडणारा दुसरा दांडा म्हणजे कॅमशाफ्ट, मागच्या ॲक्सलमध्ये मूळच्या साधारण 3.6 ऐवजी 3 च्या प्रमाणाचे, म्हणजे तेवढ्याच इंजिनफेऱ्यांत चाके जास्त फिरवणारे दाते, असे सगळे बाजारात मिळू लागले. लॉस एंजेलिसच्या एड विनफिल्डने कार्ब्युरेटर आणि कॅमशाफ्ट यांत केलेले काम पुढच्या पिढीलाही पुरले. इतर कोणाही एका माणसापेक्षा हॉट रॉडिंग त्याचे जास्त देणे लागते, असे मला वाटते.

हेड बनवणाऱ्यांत दोन नावे अग्रभागी. पहिले शेव्हरोले बंधूंचे. ज्या कंपनीला आपले नाव दिले ती सोडून लुई शेव्हरोलेने फ्रोंटेनॅक या नावाने शर्यतीच्या गाड्या केल्या. धाकटा भाऊ गॅस्टन 1920 ची इंडियानापोलिस 500 ही 500 मैलांची शर्यत जिंकला आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये बेव्हर्ली हिल्सच्या लाकडी ट्रॅकवर अपघातात गेला. त्यानंतर लुई आणि आर्थर यांनी फ्रोंटेनॅक नावाने टीसाठी हेड विकायला सुरुवात केली. स्वतःच्याच नावाची गाडी बाजारात फोर्डशी झुंजत असताना शेव्हरोले बंधू फोर्ड पळवण्याचे सामान विकत होते. 1923 च्या इंडियानापोलिस 500 मध्ये बार्बर-वॉर्नॉक या स्थानिक फोर्ड विक्रेत्यांनी उतरवलेली फ्रोंटेनॅक हेडची टी एल. एल. कोरमने पाचव्या क्रमांकावर आणली. मर्सिडीज आणि बुगाटी तिच्या मागे राहिल्या. हा निकाल गावोगावच्या पोरांपर्यंत पोचल्यावर हेडच्या मागणीला काय उधाण आले असेल, याची कल्पना करता येते.

दुसरे नाव जो यागर्सबर्गरचे. हा ऑस्ट्रियन शर्यतपटू 1911 च्या पहिल्या इंडियानापोलिस 500 मध्ये धावला आणि त्याच वर्षी दुसऱ्या एका अपघातात पाय गमावून बसला. विस्कॉन्सिनमधील रसीन गावात त्याने टीसाठी हेड बनवायला घेतली. गावाच्या आणि आपल्या नावाची आद्याक्षरे जोडून त्यांना राजो हे नाव दिले.

इंजिनाचा जोर वाढला, पण ब्रेक तेच राहिले, ही या गाड्यांची सर्वांत धोक्याची बाजू. टीचा पेडलचा ब्रेक चाकांवर नव्हे, गिअरबॉक्समधल्या पट्ट्यावर लागतो. रक्स्टेलचा दोन गिअरचा ॲक्सल किंवा वॉरफर्डचा जादा गिअरबॉक्स बसवलेल्या गाडीत त्याचे दाते मधेच न्यूट्रलमध्ये अडकले, तर इंजिन आणि चाके यांचा संबंध तुटतो आणि पाय कितीही दाबला तरी गाडी थांबत नाही. म्हणून शहाणे लोक मागच्या चाकांना बाहेरून आवळणारे रॉकी माउंटन ब्रेक घालत. सगळेच शहाणे नव्हते.

मालकाच्या गूढाचे मूळ एका आकड्यात आहे. टीचा अनुक्रमांक चासीवर नव्हता; तो इंजिनाच्या ब्लॉकवर डाव्या बाजूला, पाणी आत येण्याच्या तोंडाच्या वर ठोकलेला असे. उत्पादनाच्या अगदी शेवटच्या काळात, 1926 च्या सुमारास, तो चासीवरही ठोकला जाऊ लागला. तोपर्यंत इंजिनाचा नंबर हाच गाडीचा नंबर. आणि स्पीडस्टरवाला सर्वांत आधी काय बदलतो, तर इंजिन. ब्लॉकला तडा गेला की भंगारातून दुसरा आणायचा, चांगला मिळाला की तिसरा. दरवेळी गाडी कागदावर दुसरीच होऊन बसे. फोर्डच्या नोंदींवरून एखादा ब्लॉक कोणत्या दिवशी इंजिन म्हणून तयार झाला हे आजही काढता येते, पण गाडी विक्रेत्याकडे जाई आणि खरेदीदाराचे नाव त्या नोंदीत नसे. पुढे ती दहा डॉलर, वीस डॉलर रोख देऊन हातोहात फिरे; पावती कोण मागणार?

नंबर प्लेटचा आधार थोडा बरा. मॅसेच्युसेट्सने 1903 मध्ये राज्यातर्फे प्लेट देणे सुरू केले आणि हळूहळू इतर राज्ये त्या वाटेने गेली. अनेक राज्ये दरवर्षी नव्या रंगाची प्लेट देत, त्यामुळे छायाचित्रातली प्लेट ओळखली की साल आणि राज्य हाती लागते. मात्र आकड्यावरून माणसापर्यंत पोचायला नोंदणीवही लागते, आणि त्या वह्या सगळ्या राज्यांनी जपल्या नाहीत. शर्यतीसाठीच्या अनेक गाड्यांना प्लेटच नसे.

शर्यतींच्या जगात नाव लपवायला आणखी कारण होते. मोठ्या शर्यतींवर अमेरिकन ऑटोमोबाइल असोसिएशनच्या स्पर्धा मंडळाचा ताबा होता आणि त्याची मान्यता नसलेल्या गावजत्रेतल्या मातीच्या ट्रॅकवर धावणाऱ्याला ते निलंबित करी. त्यामुळे काही चालक टोपणनावाने उतरत. कृष्णवर्णीयांना तर मंडळाचे दार बंदच होते. ऑगस्ट 1924 मध्ये इंडियानापोलिसच्या मेळ्याच्या मैदानावर त्यांनी आपली स्वतःची गोल्ड अँड ग्लोरी ही 100 मैलांची शर्यत सुरू केली. तिथला चार्ली विगिन्स हा मेकॅनिक भंगारातून जमवलेल्या भागांतून स्वतःची गाडी बांधून पुढे ही शर्यत अनेकदा जिंकला.

टेक्ससमधील टायलर गावी 1905 मध्ये जन्मलेल्या ड्यूई गॅटसन या कृष्णवर्णीय चालकाची कहाणी या संदर्भात विशेष बोलकी आहे. तरुणपणी तो गावोगाव फिरून औषधे विकणाऱ्या एका खेळवाल्या कंपनीत गाड्यांची देखभाल करी; तिथेच त्याने टी शर्यतीसाठी तयार केली. पुढे यागर्सबर्गरची हेड तो इतक्या हिरिरीने विकू लागला की लोक त्याला राजो जॅक म्हणू लागले. प्रसंगी तो जॅक डिसोटो नावाने धावे आणि आपण पोर्तुगीज असल्याचे सांगे, कारण खरे सांगितले तर ट्रॅकवर पाऊलही ठेवता आले नसते. 1936 मध्ये लॉस एंजेलिसच्या माइन्स फील्डवर त्याने 200 मैलांची शर्यत जिंकली. जिंकणाऱ्याने बक्षीस देणाऱ्या तरुणीचे चुंबन घ्यायचा रिवाज होता. गोऱ्या मुलीपाशी तसे घडू नये म्हणून तो आपल्या बायकोला सोबत आणी. 1956 मध्ये तो वारला आणि 2007 मध्ये त्याला नॅशनल स्प्रिंट कार हॉल ऑफ फेममध्ये स्थान मिळाले. त्याचा माग लागला, कारण तो जिंकत होता आणि वर्तमानपत्रांत येत होता. जे हरले, किंवा केवळ रविवारी गावाबाहेरच्या रस्त्यावर गाडी सोडत, त्यांच्यात असे किती गॅटसन होते, याचा हिशेब कोणत्याही वहीत नाही.

नाव नसले तरी छायाचित्र बरेच काही बोलते. पितळी रेडिएटर 1916 पर्यंतचा, काळा 1917 पासूनचा. कार्बाइडच्या गॅसचे दिवे असतील तर पुढचा भाग 1915 च्या आधीचा. त्या सालापासून विजेचे दिवे आले. पण स्पीडस्टरमध्ये 1914 चा रेडिएटर आणि 1921 चे इंजिन सुखाने नांदतात, म्हणून छायाचित्राचे वय नेहमी सर्वांत नव्या भागावरून धरायचे. बॉनेटच्या बाजूने एकच जाड धुरांडे बाहेर आले आहे की चार तोटे, मागे तारांची चाके आहेत की लाकडी आऱ्यांची, यावरून मालकाची ऐपत आणि कसब कळते. मागे टेकलेल्या माणसाच्या हातावरचे तेल, पाठीमागच्या दुकानाची पाटी, गावाच्या स्टुडिओचा शिक्का, यांतून कधी कधी गाव निश्चित होते आणि मग जनगणना, स्थानिक वर्तमानपत्रे, शाळेची वार्षिके धुंडाळून नावापर्यंत जाता येते. छायाचित्राच्या पाठीवर पेन्सिलीने लिहिलेला एक शब्द या सगळ्यापेक्षा मोलाचा ठरतो.

भारतात टी गाड्या मुख्यतः फोर्डच्या कॅनडातील कारखान्यातून, उजव्या हाताला स्टिअरिंग घेऊन आल्या. कॅनडाच्या याच कंपनीची भारतीय शाखा 1926 मध्ये मुंबईत उघडली, म्हणजे टीचे उत्पादन थांबायला जेमतेम वर्ष उरले असताना.

आज अमेरिकेत, युरोपात आणि ऑस्ट्रेलियात स्पीडस्टर पुन्हा मोठ्या उत्साहाने बांधल्या जातात. सुटे भाग अजून नव्याने ओतले जातात, आणि जुनी चासी, जुना ब्लॉक व कालपरवा ठोकलेली बॉडी यांतून उभी राहिलेली गाडीही शंभर वर्षांची दिसते. त्यामुळे खरी जुनी स्पीडस्टर ओळखताना जाणकार चकचकीत भागांकडे पाहतच नाहीत. चासीला पाडलेली वेडीवाकडी भोके, हाताने घडवलेले ब्रॅकेट, जागोजाग घातलेले रिव्हेट आणि रंगाच्या थरांखालचा मूळ काळा रंग ते तपासतात. बदललेले इंजिन मालकाची ओळख सांगत नाही, पण त्या भोकांत त्याच्या हाताचा पुरावा असतो. म्हणून दुरुस्ती करताना ती भोके बुजवू नयेत, असा आग्रह गंभीर संग्राहक धरतात, आणि तो रास्त आहे.