वृद्धवैद्यक शिक्षण

वृद्धवैद्यक शिक्षण : वृद्ध रुग्णांची तपासणी, उपचार व पुनर्वसन यांसाठी डॉक्टर, परिचारिका, फिजिओथेरपिस्ट इत्यादींना दिले जाणारे प्रशिक्षण.

त्याचा आरंभ कोठे मानावा याबाबत मतभेद आहेत. आयुर्वेदाचार्य वाग्भटाने आयुर्वेदाच्या आठ अंगांत ‘जरा’ (वार्धक्य) गणली असल्याने काही लेखक परंपरा तेथवर नेतात. मात्र त्या अंगाचा भर वार्धक्य पुढे ढकलण्यावर, म्हणजे रसायनावर (शक्तिवर्धक औषधोपचारांवर) आहे. पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयात फ्रेंच डॉक्टर शार्को यांनी वृद्धांच्या रोगांवर दिलेली व्याख्याने साधारणपणे १८६६-६७ च्या सुमाराची मानतात. न्यूयॉर्कचे डॉक्टर इग्नाट्झ नॅशर यांनी १९०९ मध्ये बालरोगशास्त्राच्या धर्तीवर स्वतंत्र शाखेची मागणी केली आणि १९१४ मध्ये ग्रंथ लिहिला. तथापि अध्यापनाच्या दृष्टीने ब्रिटिश डॉक्टर मार्जरी वॉरेन यांचे कार्य अधिक निर्णायक दिसते. लंडनजवळच्या वेस्ट मिडलसेक्स रुग्णालयाकडे १९३५ मध्ये शेजारच्या निर्धनगृहातील ७१४ रुग्ण आले. ‘जुनाट’ म्हणून अंथरुणावर सोडून दिलेल्या या माणसांना वॉरेन यांनी एकेक करून तपासले, त्यांचे वर्गीकरण केले आणि अनेकांना पुन्हा चालते केले. असे कक्ष सर्वसाधारण रुग्णालयातच असावेत आणि विद्यार्थी व परिचारिकांनी तेथे शिकावे, असे त्यांनी १९४३ मध्ये मांडले. ग्लासगो येथे १९६५ मध्ये या विषयाचे पहिले प्राध्यापकपद निर्माण झाले. त्यावर फर्ग्युसन अँडरसन होते.

प्रशिक्षणाचा गाभा सर्वंकष मूल्यमापन हा आहे. वृद्धाला न्यूमोनियात ताप येईलच असे नाही, कधी केवळ भ्रम (मानसिक गोंधळ) होतो. हृदयविकाराच्या झटक्यात छातीत दुखतेच असेही नाही. म्हणून रोगाइतकीच दैनंदिन क्षमता तपासतात. उदा., खुर्चीतून उठून ३ मीटर चालणे, वळणे व परत येऊन बसणे याला लागणारे सेकंद मोजतात. चालू असलेल्या सर्व औषधांची छाननी केली जाते, कारण नवे लक्षण हा पुष्कळदा जुन्या गोळीचा परिणाम असतो. हे काम एकट्या डॉक्टरचे नाही. परिचारिका व समाजसेवकांचे निरीक्षण तितकेच मोलाचे ठरते.

भारतात मद्रास मेडिकल कॉलेजात १९९६ मध्ये या विषयाचा एम.डी. अभ्यासक्रम सुरू झाला; त्यामागे व्ही. एस. नटराजन यांचे प्रयत्न होते. राष्ट्रीय वृद्ध आरोग्यसेवा कार्यक्रमातील (२०१०-११) आरंभीच्या आठ प्रादेशिक केंद्रांत मुंबईचे ग्रँट मेडिकल कॉलेज व जे. जे. रुग्णालय होते. २०१९ च्या एम.बी.बी.एस. अभ्यासक्रमात मेडिसिन व कम्युनिटी मेडिसिन या दोन्ही विषयांत वृद्धारोग्याचा समावेश आहे.