गरबा आणि दांडिया एकच नव्हेत

‘गरबा आणि दांडिया एकच, टिपऱ्या हातात घेतल्या की दांडिया, खाली ठेवल्या की गरबा.’ दर नवरात्रात हे वाक्य फिरतं. रात्रभर एकाच मैदानात दोन्ही चालतात, त्यामुळे असं वाटणं स्वाभाविक आहे.

पण दोन्हींची रचनाच वेगळी आहे. गुजरातमधला गरबा मध्यभागी ठेवलेल्या देवीच्या मूर्तीभोवती किंवा छिद्रांच्या मातीच्या घटातल्या दिव्याभोवती फिरतो. त्या घटालाच गरबो म्हणतात आणि ‘गर्भदीप’ या शब्दाशी त्याचा संबंध जोडला जातो. ताल टाळ्यांनी धरतात, बे ताळी म्हणजे दोन टाळ्या, त्रण ताळी म्हणजे तीन. जोडीदार लागत नाही. दांडिया हा मुळात रास, त्याचं नातं कृष्णाच्या रासलीलेशी सांगितलं जातं. समोर कुणी नसेल तर टिपरी वाजवणार कुणावर? म्हणून नाचणारे समोरासमोर येतात आणि जोडीदार बदलत पुढे सरकतात.

पडताळायचं तर मैदानाच्या कडेला थोडा वेळ उभे राहा. हातांपेक्षा चेहरे कुठे वळलेत ते बघा: मधल्या दिव्याकडे की समोरच्या जोडीदाराकडे? टिपऱ्या नसल्या तरी फरक दिसतो. आयोजक सगळ्यालाच ‘दांडिया नाइट’ म्हणतात, ती सोयीची पाटी आहे. तेवढ्याने गरब्याचा दांडिया होत नाही.