बंदर होतं चौल, मुंबई नंतरची

शनिवारी सकाळी गेटवेला मांडव्याच्या बोटीसाठी जी रांग लागते, तिला अलिबाग, नागाव नाहीतर काशिद गाठायचं असतं. माशांची थाळी, समुद्रात डुंबणं, रविवारी संध्याकाळी परत. हा सगळा पट्टा म्हणजे मुंबईचं परसदार, असं आपण धरून चाललो आहोत. इतिहासात मात्र कित्येक शतकं मोठं बंदर चौल होतं, आणि मुंबई म्हणजे कोळीवाडे नि वाड्या असलेली बेटं.

अलिबागच्या दक्षिणेला, कुंडलिकेच्या मुखाशी चौल-रेवदंडा आहे. दुसऱ्या शतकातल्या टॉलेमी या ग्रीक भूगोलतज्ज्ञाला हे बंदर ठाऊक होतं. कान्हेरीच्या लेण्यांमध्ये ‘चेमुल’च्या, म्हणजे चौलच्या, रहिवाशांनी दिलेल्या दानांचे लेख आहेत, म्हणजे आजच्या बोरिवलीच्या जंगलातल्या भिक्षूंपर्यंत चौलचा पैसा पोचत होता. दहाव्या शतकाच्या सुरुवातीला अल-मसूदी हा अरब प्रवासी इथे आला, तेव्हा गावात सुमारे १०,००० मुसलमान राहत असल्याचं त्याने लिहून ठेवलं. त्या वेळी राज्य शिलाहारांचं. शेजारच्या आक्षी गावातला शिलालेख याच काळातला. शके ९३४, म्हणजे इ. स. १०१२चा हा लेख बरेच अभ्यासक मराठीतला सर्वांत जुना कालोल्लेख असलेला मानतात (वाचनावरून वाद आहेतच). त्यात राजाला पश्चिम समुद्राचा अधिपती म्हटलं आहे. आक्षीच्या किनाऱ्याकडे धावणाऱ्या गाड्या मात्र या दगडापाशी क्वचितच थांबतात.

दख्खनच्या सुलतानांना चौल हवं होतं ते मुख्यतः घोड्यांसाठी. अरबस्तान-इराणकडचे घोडे इथे उतरत आणि घाट चढून वर जात. १४६९च्या सुमारास अफनासी निकितीन हा रशियन व्यापारी असाच एक घोडा घेऊन चौलला उतरला आणि पुढे जुन्नरला गेला. आपण गोरे म्हणून लोक आपल्याकडे टकामका बघतात, असं त्याने नोंदवलं आहे. वास्को द गामा कालिकतला यायला तेव्हा जवळजवळ तीस वर्षं बाकी होती.

पोर्तुगीज आले ते लढतच. १५०८मध्ये चौलच्या समुद्रात इजिप्त आणि गुजरातच्या आरमारांनी त्यांचा पराभव केला. व्हाइसरॉय आल्मेदाचा मुलगा लोरेन्सो त्यात मारला गेला. तरी तेरा वर्षांनी अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाने त्यांना रेवदंड्यात किल्ला बांधायची परवानगी दिलीच. घोड्यांचा व्यापार कुणाला नको होता? पुढे १५७०-७१मध्ये त्याच घराण्यातल्या मुर्तझाने या किल्ल्याला वेढा घातला, पण तो काही हाती आला नाही. समोरचा कोर्लईचा डोंगर मात्र पोर्तुगीजांनी १५९४मध्ये घेतला. रेवदंडा १७४०मध्ये मराठ्यांकडे आला आणि पोर्तुगीज सत्ता गेली. कोर्लईतल्या ख्रिस्ती वस्तीत पोर्तुगीज-मराठी मिश्रणातून घडलेली बोली अजून बोलतात. किनाऱ्यापेक्षा मला हे गाव जास्त पाहण्यासारखं वाटतं.

मुंबई या गोष्टीत उशिरा शिरते. पोर्तुगीज राजकन्येच्या १६६१च्या विवाहकरारात ती इंग्लंडच्या राजाला मिळाली, १६६८मध्ये वर्षाला दहा पौंड भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीकडे आली. कंपनीला माणसं हवी होती, आणि ती याच किनाऱ्याने पुरवली. चौलचे रेशीम विणकर मुंबईत येऊन राहिले. पुढे बेने इस्रायली, म्हणजे कोकणातले ज्यू, आले. नवगावच्या किनाऱ्यावर आपल्या पूर्वजांचं जहाज फुटलं, अशी त्यांची परंपरा सांगते. किहीमकर, झिराडकर, चेऊलकर ही आडनावं त्यांनी मुंबईत नेली. मांडवीतलं त्यांचं सिनेगॉग १७९६चं आहे. अलिबागेत इस्राएल आळी अजून आहे.

अलिबाग त्या मानाने नवं, आंग्र्यांचं. अलिबागसमोरच्या कुलाबा किल्ल्याचा आदेश शिवाजी महाराजांचा, पण त्याचा दरारा वाढवला कान्होजींनी. १७२१मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज एकत्र चालून आले आणि हात हलवत परतले. १८४०मध्ये आंग्र्यांचं संस्थान खालसा झालं, आणि मग सगळा ओघच मुंबईभोवती फिरू लागला. मुंबईतल्या कुलाब्याच्या वेधशाळेतली चुंबकीय उपकरणं १९०४मध्ये अलिबागला हलवली, तीही मुंबईत विजेची ट्राम येणार होती आणि तिच्या विजेने मोजमापं बिघडली असती म्हणून.

भाऊच्या धक्क्याहून रेवसला जाणारी बोट हाच तेव्हा मुंबईतल्या चाकरमान्यांचा गावचा रस्ता होता. १७ जुलै १९४७ला, गटारीच्या दिवशी, ‘रामदास’ बोट काशाच्या खडकाजवळ बुडाली. सहाशेहून जास्त माणसं गेली. पावसाळ्यात बोटी बंद ठेवण्याबद्दल कुरकुरणाऱ्यांनी ही तारीख जरूर लक्षात ठेवावी.

मार्च २०२०मध्ये भाऊचा धक्का ते मांडवा रो-रो सुरू झाली आणि गाडीसकट तासाभरात पलीकडे पोचायची सोय झाली. एवढ्याने गर्दी किहीम-नागावला वाढली. अलिबागपासून जेमतेम १७ किलोमीटरवरच्या रेवदंड्यात किल्ल्याची तटबंदी फोडून गेलेल्या रस्त्यावरून त्याच गाड्या काशिदकडे जातात.