ठसका लागत नाही, तेव्हा

लकवा झालेल्या माणसाला पाणी पाजताना ठसका लागला की घरचे घाबरतात. ठसका ही खरं तर जमेची बाजू, कारण श्वासनलिकेत काहीतरी शिरल्याची खबर शरीराला लागलेली असते. घशाची जाणीवच गेली असेल तर चहा, वरणाचं पाणी बिनबोभाट फुफ्फुसात उतरतं आणि कळतं ते न्यूमोनिया झाल्यावर.

नागपुरात मेडिकल असो की मेयो, दोन्ही सरकारी रुग्णालयांत राइल्स ट्यूब म्हणजे नाकातून पोटात जाणारी अन्नाची नळी घातलेले पेशंट वॉर्डात दिसतातच. ‘आता नळी आहे, धोका टळला’ असं नातेवाईक धरून चालतात. नळीने पोट भरतं, पण लाळ? ती दिवसाला साधारण लिटरभर तयार होते आणि गिळता येत नसेल तर खाली झिरपते. गळ्याला छिद्र पाडून बसवलेल्या ट्रॅकिओस्टॉमीच्या नळीभोवतीचा हवेचा फुगाही ती पूर्ण अडवू शकत नाही.

अशा वेळी शस्त्रक्रियेचा विचार होतो. ती कोणती, हे बिघाड कुठे आहे त्यावर ठरतं. त्यासाठी नाकातून बारीक दुर्बीण घालून किंवा बेरियम पाजून एक्स-रेच्या पडद्यावर गिळणं बघतात. एकच स्वरतंतू लुळा असेल तर सिलिकॉनचा तुकडा बसवून तो मध्याकडे सरकवतात. बहुतेकदा जागा बधिर करूनच हे होतं. पेशंट टेबलावर बोलतो आणि सर्जन आवाज ऐकत तुकडा जुळवतो. अन्ननलिकेच्या तोंडाचा स्नायू सैलच पडत नसेल तर त्याला छेद देतात.

हे सगळं थकलं आणि न्यूमोनिया परतपरत होत राहिला, की उरतो श्वासाचा आणि अन्नाचा रस्ता कायमचा वेगळा करण्याचा उपाय. लिंडेमन या सर्जनने 1975 मध्ये तो मांडला. श्वासनलिका स्वरयंत्राखाली कापतात, खालचं टोक गळ्यावर उघडतात, वरचं अन्ननलिकेला जोडतात. पुढे ते नुसतं शिवून बंद करण्याचीही पद्धत आली. लाळ फुफ्फुसात जाणं थांबतं, काहींना तोंडाने जेवताही येतं. पण आवाज जातो. जोडणी पुन्हा पूर्ववत करता येते खरी, तशी वेळ मात्र क्वचितच येते. त्यामुळे ज्याचं बोलणं आधीच गेलंय त्याच्यासाठी हा निर्णय सोपा. बोलू शकणाऱ्याला मात्र आधी स्वतः विचारलंच पाहिजे, परस्पर मुलांनी सही करून भागत नाही.

नंतरची निगाही सांभाळावी लागते. हवा आता नाकातून ओली होऊन येत नाही. नागपूरच्या मे महिन्यात कफ वाळून छिद्रापाशी खपली धरतो, म्हणून त्यावर ओलसर जाळीचं कापड आणि डॉक्टर सांगतील तसं सलाइनचं नेब्युलायझेशन.