शाफ्टचा गंजलेला बोल्ट सोडवताना

रावेर-यावल पट्ट्यात केळी भरून निघणाऱ्या पिकअपच्या पोटाला पावसाळाभर काळी माती लिंपलेली असते. ही माती पाणी धरून ठेवते, त्यामुळे रस्ता कोरडा झाला तरी प्रोपेलर शाफ्टच्या (इंजिनाची ताकद मागच्या चाकांकडे नेणाऱ्या लांब दांड्याच्या) फ्लँजवरचे, म्हणजे जोडणीच्या तबकडीवरचे, बोल्ट ओलेच राहतात. गंजाला मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा लागते. आट्यांमधली बारीक फट भरली, की तो पाचरीसारखा दाबून बसतो. क्रॉस (शाफ्टच्या सांध्यातला अधिकच्या चिन्हासारखा भाग) बदलणं सोपं. वेळ खातात ते हे बोल्ट.

आधी चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावा. शाफ्ट निघाला की गिअरमध्ये ठेवलेली गाडीसुद्धा घरंगळते. काही जुन्या गाड्यांत हँडब्रेकचा ड्रमही शाफ्टच्याच ओळीत असतो, तिथे तोही चाकं धरत नाही. दोन्ही फ्लँजवर समोरासमोर खूण करा, नाहीतर जोडल्यावर शाफ्ट थरथरू शकतो.

तारेच्या ब्रशने आटे घासा, गंज सोडवणारं तेल मारा आणि शक्य असेल तर रात्रभर मुरू द्या. मग बोल्टच्या डोक्यावर हातोडीचे सरळ ठोके द्या. हादऱ्याने गंजाला तडे जातात आणि तेल आत शिरतं. गोटी (डोक्यावर बसणारा सॉकेट) सहा कोनांचीच घ्या. बारा कोनांची कडांवर जोर देते आणि डोकं गोल करते. नट आधी किंचित आवळा, मग सोडा. करकर आवाज आला की थांबा, पुन्हा तेल द्या, मागेपुढे फिरवा.

पान्याला पाईप लावायचा मोह इथेच नडतो. 30 सेंमीच्या दांड्यावर 25 किलोचा जोर दिला तर सुमारे 74 न्यूटन-मीटर पीळ बसतो. 90 सेंमीवर तोच 220 होतो. 10 मिमीचा बोल्ट तुटायला त्याच्या निम्माही पुरतो.

तेल हरलं तर उष्णता, पण नटाला, बोल्टला नव्हे. नट बोल्टपेक्षा 200 अंशांनी जास्त तापला तर त्याचं 10 मिमीचं भोक जेमतेम 0.024 मिमीने मोठं होतं. गंजाची पकड सुटायला बऱ्याचदा एवढंही चालतं. ज्योत तेज आणि थोडाच वेळ ठेवा. रेंगाळलात तर बोल्टही तापतो आणि मिळवलेली फट जाते. आधीचं तेल नीट पुसून घ्या, ते पेट घेतं. क्रॉसच्या रबरी सीलवर ओलं फडकं गुंडाळा. डिफरन्शियलमध्ये (चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरपेटीत) लॉकिंग लिक्विड (आटे चिकटवणारं द्रव) लावलेले बोल्टही तापवूनच सैल होतात. कडक प्रकारचं लिक्विड साधारण 250 अंशांना मऊ पडतं.

डोकं गोल झालंच तर बॅटरीची वायर काढून त्यावर मोठा नट वेल्ड करा. वेल्डिंगची उष्णताही कामी येते. आरपार भोकातला तुटलेला बोल्ट पंचने ठोकून निघतो. हाऊसिंगमध्ये (गिअरपेटीच्या कवचात) तुटला तर मात्र बरोबर मध्यावर पंच मारून 3 मिमीपासून ड्रिल वाढवत न्या. 10 मिमीच्या 1.5 मिमी पिचच्या (दोन आट्यांमधल्या अंतराच्या) आट्यांसाठी 8.5 मिमीच्या पुढे जाऊ नका.

तापवलेला बोल्ट परत बसवू नका. त्याचं पाणी (पोलादाचा कडकपणा) उतरलेलं असू शकतं. डोक्यावर 10.9 (ताकदीची श्रेणी) लिहिलं असेल तर नवाही 10.9चाच घ्या.