कोविडमधल्या गुठळ्या : औषधाची मात्रा कशी ठरत गेली

कोविड आला तो फुप्फुसांचा आजार म्हणून. पण फेब्रुवारी २०२० मध्येच वुहानच्या डॉक्टरांनी १८३ रुग्णांच्या रक्तचाचण्या प्रसिद्ध केल्या, त्यात दगावलेल्यांचं डी-डायमर बरंच वाढलेलं होतं. रक्तात गुठळ्या होऊन विरघळत असल्याची ती खूण. एप्रिलमध्ये नेदरलँड्समधून अतिदक्षता विभागातल्या १८४ रुग्णांची माहिती आली. गुठळ्या टाळण्याचं औषध सगळ्यांना चालू होतं, तरी सुमारे ३१ टक्के रुग्णांना गुठळ्यांनी गाठलंच.

सगळ्यात अस्वस्थ करणारी नोंद हॅम्बुर्गची. तिथे शवविच्छेदन झालेल्या पहिल्या १२ जणांपैकी ७ जणांच्या खोल शिरांत गुठळ्या निघाल्या आणि त्या आहेत अशी शंका मृत्यूपूर्वी कुणालाही आलेली नव्हती. चौघं तर फुप्फुसाच्या रोहिणीत गुठळी अडकूनच गेले.

रक्तवाहिनीच्या अस्तराला इजा, मंदावलेला प्रवाह आणि रक्ताची गोठण्याकडे वाढलेली ओढ ही गुठळीची तीन कारणं वैद्यकाला जर्मन वैद्य विर्चोच्या नावाने जुनीच माहीत होती. कोविडमध्ये तिन्ही एकदम जुळून येतात : दाहाने अस्तर सुजतं, रुग्ण दिवसचे दिवस अंथरुणाला खिळतो आणि त्याच दाहामुळे रक्त लवकर गोठतं.

मग हेपारिन या रक्त गोठू न देणाऱ्या औषधाची मात्रा सरसकट वाढवावी, असं अनेकांना वाटलं. त्या धास्तीत ते स्वाभाविकच होतं. मात्र तीन आंतरराष्ट्रीय औषध-चाचण्यांनी आपली माहिती एकत्र केली, तेव्हा डिसेंबर २०२० मध्ये अतिदक्षता विभागातल्या रुग्णांना पूर्ण, म्हणजे गुठळी झाल्यावर देतात तेवढी, मात्रा देणं थांबवावं लागलं. फायदा दिसत नव्हता, रक्तस्रावाची भीती मात्र होती. वॉर्डातल्या, तितक्या गंभीर नसलेल्या रुग्णांना तीच मात्रा उपयोगी पडली. म्हणजे मात्रेइतकीच वेळही महत्त्वाची. हे निष्कर्ष ऑगस्ट २०२१ मध्ये छापून आले.

तोवर आपल्याकडे दुसरी लाट येऊन गेली होती आणि डी-डायमर हा शब्द घरोघरी पोचला होता. केवळ तो आकडा पाहून, सौम्य आजारात स्वतःहून रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणं धोक्याचंच. घरीच बरे होणाऱ्यांवरची एक अमेरिकी चाचणी २०२१ मध्ये आवरती घ्यावी लागली, कारण अशा रुग्णांत गुठळ्या फारच विरळ निघाल्या. रुग्णालयातून सुटलेल्यांचं वेगळं : ब्राझीलमधल्या चाचणीत, गुठळीचा धोका जास्त असलेल्यांना घरी गेल्यावर रिव्हारोक्साबॅन ही रक्त पातळ करणारी गोळी रोज १० मिलिग्रॅम, ३५ दिवस दिल्याने लाभ झाला.