तृतीयपंथी व्यक्ती आणि कर्करोग-उपचारांतील विषमता

तपासणीला कोणाला बोलवायचे हे दप्तरातील लिंगनोंदीवरून ठरते. कर्करोग मात्र शरीरात जो अवयव आहे त्याला होतो. इंग्लंडमध्ये २५ ते ६४ वयाच्या स्त्रियांना गर्भाशयमुखाच्या तपासणीचे पत्र जाते, पण ‘पुरुष’ अशी नोंद केलेल्या ट्रान्स पुरुषाला (जन्माच्या वेळी स्त्री म्हणून नोंदलेल्या, पण पुरुष असलेल्या व्यक्तीला) ते आपोआप मिळत नाही. भारतात तिशीनंतरच्या सरकारी तपासणीत तोंड सर्वांचे पाहतात, स्तन आणि गर्भाशयमुख स्त्रियांचे.

तपासणीची वेळ आलीच, तर ट्रान्स पुरुष घेतात ते टेस्टोस्टेरॉन हे हार्मोन आडवे येते. त्याने योनीचे अस्तर पातळ व कोरडे होते, पॅप चाचणीत (गर्भाशयमुखाच्या पेशी काढून तपासतात ती) पुरेशा पेशी मिळत नाहीत. बॉस्टनच्या एका अभ्यासात (२०१४) असे अपुरे नमुने ट्रान्स पुरुषांत १०.८ टक्के, स्त्रियांत १.३ टक्के निघाले. पुन्हा बोलावले की अनेक जण येतच नाहीत. लहान स्पेक्युलम (योनी उघडी धरण्याचे साधन) वापरावा आणि प्रयोगशाळेच्या फॉर्मवर हार्मोनचा उल्लेख करावा, नाहीतर सुकलेल्या पेशी विकृत वाटू शकतात. स्वतः घेतलेल्या नमुन्यावरची एचपीव्ही (गर्भाशयमुखाच्या कर्करोगास कारणीभूत विषाणू) चाचणी अधिक सोयीची. छातीच्या शस्त्रक्रियेनंतरही थोडी स्तन-ऊती उरते, हे सहसा सांगितलेच जात नाही.

ट्रान्स स्त्रीची (जन्माच्या वेळी पुरुष म्हणून नोंदलेल्या स्त्रीची) योनीनिर्मिती झाली तरी प्रोस्टेट ग्रंथी जागेवरच असते. इस्ट्रोजेन हार्मोनमुळे पीएसए (प्रोस्टेटच्या कर्करोगाचा संशय घेण्यासाठी रक्तात मोजतात ते प्रथिन) घटत असल्याने मिलिलिटरला ४ नॅनोग्रॅमची नेहमीची मर्यादा खोटा दिलासा देते.

औषधाचा डोसही नोंदीवर हलतो. कार्बोप्लॅटिन हे केमोथेरपीचे औषध मूत्रपिंडाच्या क्षमतेवरून देतात, आणि ही क्षमता काढण्याच्या कॉकक्रॉफ्ट-गॉल्ट सूत्रात ‘स्त्री’ लिहिले की उत्तराला ०.८५ने गुणतात. डोस म्हणजे क्षमता अधिक २५, गुणिले एयूसी (शरीराला औषध किती मिळावे याचा ठरवलेला आकडा); एयूसी ५ धरल्यास मिनिटाला १०० मिलिलिटर क्षमतेला ६२५ मिलिग्रॅम येतात, ८५ला ५५०. रुग्ण तोच, फरक फक्त एका रकान्याचा. हार्मोनने स्नायू बदललेले असतील तर दोन्ही आकडे चुकू शकतात. शक्य असेल तिथे क्षमता प्रत्यक्ष मोजावी.

उघड नकाराचे उदाहरण म्हणजे अमेरिकेतील ट्रान्स पुरुष रॉबर्ट ईड्स. अंडाशयाच्या कर्करोगावर उपचार करायला डझनाहून अधिक डॉक्टरांनी नकार दिला. १९९९मध्ये त्यांचे निधन झाले.

भारतात तृतीयपंथी व्यक्तींच्या हक्कांच्या २०१९च्या कायद्याचे कलम १५ आरोग्यसेवेची आणि विम्याची जबाबदारी सरकारवर टाकते. तृतीयपंथीयांसाठीच्या ‘आयुष्मान भारत टीजी प्लस’ या आरोग्यविमा योजनेचा करार ऑगस्ट २०२२मध्ये झाला, त्यात वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण आहे, पण आधी राष्ट्रीय पोर्टलवरून अर्ज करून जिल्हाधिकाऱ्यांचे तृतीयपंथी असल्याचे प्रमाणपत्र मिळवावे लागते. घर सोडलेल्यांकडे जुनी कागदपत्रे नसतात, आधारवर एक नाव आणि केसपेपरवर दुसरे असते, आणि मंजुरी अडकते. मग प्रश्न वॉर्डाचा: पुरुषांचा की स्त्रियांचा? हे भरतीच्या खिडकीवर मोठ्याने विचारले जाते, आणि काही जण तिथूनच परत फिरतात.